ऊन लागते तेव्हा

वैशाखातील विदर्भाची दुपार ज्याने अंगावर घेतली नाही, त्याला ती वर्णनाने कळणार नाही. सकाळचे दहा-अकरा वाजले की रस्ते रिकामे होऊ लागतात. सायकलीवरचा विद्यार्थी आणि स्कूटरवरचा कारकून असे दोघेही डोक्याभोवती दुपट्टा गुंडाळून, केवळ डोळे उघडे ठेवून निघालेले दिसतात. भट्टीचे दार उघडावे तशी डांबरावरची झळ तोंडावर येते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की ‘नवतपा’ सुरू होतो, आणि पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला तरी तेथील माणूस त्याचे फारसे नवल करीत नाही. उलट, ‘हे काय ऊन? ऊन आमच्या लहानपणी होते!’ असे म्हणण्यात त्याला थोडा अभिमानच वाटतो.

हा अभिमान समजण्यासारखा आहे. ज्या निसर्गात दिवस काढावयाचे त्याच्याशी माणूस असेच नाते जोडीत असतो. परंतु याच अभिमानात एक धोका दडलेला आहे. उन्हाळा ही सोसावयाची गोष्ट आहे अशी आपली पक्की समजूत झालेली असून, जे सोसावयाचे त्याविषयी तक्रार करणे आपण नाजूकपणाचे लक्षण मानतो. पारा किती चढला ते वृत्तपत्रांत रोज छापून येते. त्या पाऱ्याखाली काम करणाऱ्या माणसाला नेमके केव्हा बरे वाटेनासे झाले आणि ते त्याने कोणाला सांगितले काय, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. वस्तुतः उन्हाने माणूस दगावतो की वाचतो, हे पुष्कळदा याच गोष्टीवर अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवतो. निवडणुकीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांची आणि काही कार्यालयीन कर्मचाऱ्यांची नेमणूक वऱ्हाडातील एका आडगावी झाली होती. मतदान केंद्र म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली शाळेची खोली. आमच्यात निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक कारकून होते. माणूस अत्यंत काटेकोर. यादीतील नावे पुकारण्याचे काम त्यांच्याकडे होते. दुपारी एकच्या सुमारास ‘डोके जड झाले आहे’ असे ते म्हणाले. जरा आडवे व्हा, असे कोणी सुचविले, तेव्हा ‘रांग संपू द्या’ एवढेच त्यांचे उत्तर. पुढे त्यांनी एकाच मतदाराचे नाव दोनदा पुकारले, आणि तिसऱ्या वेळी तर यादीत नसलेलेच नाव घेतले. रांगेतील पोरे हसली. सांगावयास आज लाज वाटते, पण आम्हीही हसलो. मग ते उठले, दोन पावले चालले आणि भिंत धरून खाली बसले.

आम्ही सारे पदवीधर गोंधळून उभे होतो. शाळेच्या शिपायाने मात्र क्षणाचा विलंब न लावता त्यांचा सदरा काढला, रांजणातील पाणी कळशीने त्यांच्या अंगावर ओतावयास आरंभ केला आणि एका पुठ्ठ्याने वारा घालीत तो म्हणाला, ‘‘गुरुजी, यायले ऊन लागलं. जीप बलावा, पण पयले आंग थंडं होऊ द्या.’’ ते गृहस्थ वाचले. अंगावर वेळीच पाणी पडले म्हणून निभावले, असे तालुक्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. जे त्या शिपायाला उमगले ते आम्हाला का उमगले नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

माठ आणि माणूस

मनुष्यदेहाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावे लागते. बाहेर कडाक्याची थंडी असो की वणवा पेटलेला असो, मेंदू, हृदय, मूत्रपिंड ही इंद्रिये या अरुंद मर्यादेतच नीट काम करतात. भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असते तोवर देहातील उष्णता आपोआप बाहेर पडते. हवा अंगाहून तापली की हा मार्ग बंद होतो आणि शरीराजवळ एकच उपाय उरतो. तो म्हणजे घाम.

घाम येणे याचा अर्थ काय, हे घरातल्या माठाकडे पाहिले की समजते. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माणूस हा असाच एक पाझरणारा माठ आहे. एक लिटर घामाची पुरती वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता देहाबाहेर जाते. मात्र घाम अंगावरून नुसता ओघळून गेला, तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. त्याची वाफ झाली पाहिजे. म्हणूनच पावसाळ्याच्या कुंद दिवसांत माठातले पाणी गार होत नाही, आणि म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत ३५-३६ अंशांनाही जीव नकोसा होतो.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. नागपूरकर ‘झळा’ म्हणतो, मुंबईकर ‘उकाडा’ म्हणतो. झळा कोरड्या असतात. त्यांत घाम आला न आला तोच उडून जातो, त्यामुळे आपल्या अंगातले किती पाणी गेले हे कळतच नाही. उकाड्यात घाम दिसतो, चिकचिकतो, पण उडत नाही, आणि उष्णता आतच कोंडून राहते. दोहोंचे उपायही वेगळे. वाळ्याचे ओले पडदे आणि पाण्याचा कूलर विदर्भात अमृतासारखा असतो. तोच कूलर मुंबईच्या बंद खोलीत हवेतला दमटपणा वाढवून त्रासात भर घालतो. पंख्याचेही तसेच आहे. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंख्याचा वारा थंडावा देण्याऐवजी उष्णताच आणून टाकतो. अंग किंवा अंगावरचे वस्त्र ओले केले, तर तोच वारा उपयोगी पडतो.

कोकणपट्टीला ऊन लागत नाही, हा समज किती खोटा आहे, ते १६ एप्रिल २०२३ रोजी सर्वांना दिसले. नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर राज्य शासनाच्या पुरस्कार समारंभासाठी लाखो लोक भर उन्हात तासन् तास बसले होते, आणि उष्माघाताने त्यांपैकी १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. हवेतील दमटपणा, डोक्यावर नसलेली सावली आणि दाटी यांनी उरलेले काम केले. शिवाय महिना एप्रिलचा होता. उन्हाची सवय होण्यास शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. त्यामुळे उन्हाळ्याचे पहिले तडाखे अनेकदा शेवटच्यापेक्षा घातक ठरतात.

पायऱ्या ओळखाव्यात

ऊन एकाएकी लागत नाही. बहुतेक वेळा ते पायरीपायरीने चढते. आरंभी पोटऱ्यांत गोळे येतात, तोंडाला कोरड पडते, लघवी कमी व गडद होते. मग डोके दुखू लागते, मळमळते, घेरी येते, अंगातले बळ गेल्यासारखे वाटते. येथपर्यंत माणूस स्वतः सावध असतो आणि स्वतःला सावरू शकतो. सावलीत किंवा गार खोलीत यावे, कपडे सैल करावेत, मानेवर, चेहऱ्यावर, हातापायांवर ओले फडके फिरवावे, मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घोट घोट घ्यावे आणि तासाभरासाठी काम सोडून द्यावे. एवढ्याने बहुधा उतार पडतो. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, किंवा ओकाऱ्यांमुळे पाणी पोटात ठरेनासे झाले, तर डॉक्टर गाठावा.

पुढची पायरी मात्र निराळीच आहे. देहाचे तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले की मेंदू बिघडू लागतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, ओळखीची नावे चुकतो, त्याचा तोल जातो. शेवटी झटके येतात आणि शुद्ध हरपते. हाच उष्माघात. अंगाला घाम असला म्हणजे उष्माघात नव्हे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. श्रम करणाऱ्या माणसाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो. खरी खूण घामात नाही, ती वागण्यात आहे. उन्हात बसलेला शहाणा माणूस वेड्यासारखे बोलू लागला, तर ती वेळ हसण्याची नसते. आम्ही त्या दिवशी नेमक्या त्याच क्षणी हसलो होतो.

अशा वेळी उपचार एकच, आणि तो दवाखान्यात पोचण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवा. माणसाला सावलीत आणून कपडे उतरवावेत, मिळेल त्या पाण्याने भिजवावे, जोराने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास तो फडक्यात गुंडाळून मानेवर, काखांत व जांघांत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, पण तिची वाट पाहत हात जोडून बसू नये. पहिल्या अर्ध्या तासात देह किती थंड झाला यावर पुष्कळ काही ठरते.

येथे घरोघरी होणारी एक चूक सांगितली पाहिजे. अंग तापलेले पाहून आपण तापाची गोळी देतो. परंतु ताप आणि उष्माघात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापात मेंदूच देहाचे तापमान मुद्दाम वर नेतो, आणि गोळी त्याला ते खाली आणावयास लावते. उष्माघातात मेंदू तापमान उतरविण्याची शिकस्त करीत असतो, पण देह हरलेला असतो. तेथे गोळीचा उपयोग होत नाही, उलट यकृताला व मूत्रपिंडाला अपाय होण्याचा संभव असतो.

जुने शहाणपण, जुने भ्रम

आपल्या पूर्वजांना हे सारे या शब्दांत ठाऊक नव्हते, तरी अनुभवाने पुष्कळ कळलेले होते. एरवी दिवसा झोपण्यास दोष देणारा आयुर्वेद ग्रीष्मात मात्र दिवसाच्या झोपेला अनुज्ञा देतो. या ऋतूत व्यायाम आणि ऊन टाळावे, आहार हलका, गार व पातळ असावा, असे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ, अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेल्या घटाचे दान, रस्तोरस्ती पाणपोया ही सारी ऋतूला दिलेली उत्तरेच होती. उन्हातून दारी आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची चाल तर मोठी मार्मिक आहे. साखर आणि मीठ यांच्या जोडीने आतड्यांत पाणी अधिक चांगले शोषले जाते, या तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्याचे घरगुती रूप. चमचा चहाचा घ्यावयाचा, हे ध्यानात ठेवावे. मधुमेह, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाणी, मीठ व साखर यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या आणि मनोविकारांवरील काही औषधे उन्हाचा त्रास वाढवितात, याचीही चौकशी उन्हाळ्याच्या तोंडीच करून ठेवावी.

जुन्यातले सारेच सोने नव्हे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही श्रद्धा अजून जिवंत आहे. कांदा जेवणात खुशाल असावा, पण खिशातला कांदा देहाचे तापमान उतरवू शकत नाही. कांद्याच्या भरवशावर माणूस टोपीवाचून बाहेर पडला, तर तो भ्रम महागात पडतो. उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये, असेही वडीलधारी सांगतात. घटाघटा तांब्या रिता करू नये एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. तहानेने व्याकूळ झालेल्याचे पाणी अडविणे हिताचे नाही.

परवानगी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उपाय इतके साधे आहेत, पाणी आणि सावली याहून महाग असे त्यांत काही नाही, तरीही माणसे का मरतात? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण असे की, ज्याला बरे वाटत नाही त्याला ते सांगण्याची मुभा नसते. आमच्या त्या कारकुनांना डोके जड झाल्याचे कळले होते. पण रांग संपविणे त्यांना कर्तव्य वाटले, आणि ‘तुम्ही उठा, मी बसतो’ असे म्हणण्याचे आम्हाला सुचले नाही. वेठीला धरलेला मजूर मुकादमाला सांगत नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी तीन तासांतली दहा मिनिटे जातील म्हणून पर्यवेक्षकाला सांगत नाही. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे घरातले आजोबा मागत नाहीत. तान्ह्या मुलाला तर सांगताच येत नाही. आणि ज्या शाळेत, ज्या कचेरीत स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नाही, तेथील शिक्षिका नि विद्यार्थिनी सकाळपासून मुद्दामच पाणी पीत नाहीत. ‘भरपूर पाणी प्या’ हा फलक त्यांच्यासमोर लावणे ही केवळ थट्टा आहे.

ही काल्पनिक भीती नव्हे. १ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान झाले. त्या एकाच दिवशी उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरील ३३ जण उष्णतेने मृत्यू पावल्याचे त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. ही माणसे आपल्यासारखीच होती. हातात नेमणुकीचा आदेश होता आणि काम पुरे केल्यावाचून उठता येणार नव्हते. जनगणना असो, सर्वेक्षण असो की मतदान, वर्षाच्या ज्या महिन्यांत ऊन सर्वांत कडक, त्याच महिन्यांत शिक्षक आणि कारकून यांना दारोदार अथवा पत्र्याखाली धाडण्याची आपली पद्धत कधी तरी तपासून पाहिली पाहिजे.

व्यवस्था बदलता येते, याचेही उदाहरण दूरचे नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता, आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखविले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा आखला. पूर्वसूचना घरोघर पोचविणे, डॉक्टर व परिचारिकांना प्रशिक्षण देणे, पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय करणे, एवढ्याच साध्या गोष्टींवर तो उभा होता. पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, ही सवलतही याच जातीची. ती कोणा मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, म्हणूनच तिचा लाभ प्रत्येक मुलाला मिळतो.

महत्त्व आहे ते याच भेदाला. मेहेरबानी म्हणून मिळणारी विश्रांती मागावी लागते, आणि मागण्याचा संकोच ज्याला अधिक तोच आधी बळी पडतो. नियमाने मिळणारी विश्रांती मागावी लागत नाही. जुन्या काळी पाणपोईवर कोणी ‘तहान लागली आहे काय’ असे विचारीत नसे; पाणी तेथे असेच, आणि ते घेणाऱ्याला मिंधेपणा वाटत नसे. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, मतदान केंद्रांवर, बांधकामांवर विश्रांतीचीही अशीच पाणपोई असावयास काय हरकत आहे? दुपारच्या कडक तासांत दर तासाला दहा मिनिटे सावलीत बसणे, एकट्याला एकट्याने कामावर न ठेवणे, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणे, आणि ‘बरे वाटत नाही’ असे कोणी म्हणताच त्याची जागा बिनतक्रार दुसऱ्याने घेणे, यांसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात मोठी तरतूद करावी लागत नाही.

हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर निदान एक गोष्ट प्रत्येकाच्या हाती आहे. वर्गात मान टाकून बसलेल्या मुलाला दम भरण्यापूर्वी त्याच्या कपाळाला हात लावून पाहावा. टेबलापलीकडचा सहकारी आज भलत्याच चुका का करीत आहे, हे हसण्यापूर्वी विचारावे. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या दाराची कडी दुपारी एकदा वाजवावी. आणि स्वतःला घेरी आली तर ‘एवढे काम उरकतो’ असे न म्हणता उठावे, निःसंकोचपणे सांगावे. ते कारकून पुढे निवृत्त झाले, आणि भेटले की त्या दिवसाचा विषय तेच काढीत. ‘‘रांग तर संपलीच असती हो,’’ ते म्हणत, ‘‘माझ्यावाचूनही संपली असती.’’